गजकर्ण आणि कपाटांतली नळी

मुंबईहून कर्जतच्या गाडीनें निघालें म्हणजे वांगणी मागें पडतांच आमचें शेलू लागतें. नेरळ त्याच्या पुढचें. उल्हास नदी जवळून वाहते, आणि आषाढ लागला कीं माथेरानच्या डोंगरावर ढग बसतात ते दिवसचे दिवस हलत नाहींत. दोरीवर टाकलेला कपडा तिसऱ्या दिवशींहि हाताला दमट लागतो. येथील कितीतरी तरुण मंडळी पहांटेच्या गाडीनें मुंबईस कामाला जातात; जातांना सुमारें दोन तास आणि येतांना तितकेच. त्या गर्दींत, भिजलेली विजार अंगावरच वाळवीत, घामानें निथळत उभें राहावें लागतें. मांडीच्या सांध्यांत, कमरपट्ट्याखालीं, काखेंत अशा वेळीं जी ओल राहते, ती ज्याला मनापासून मानवते अशा एका जिवाविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें. त्याच्यामुळें होणाऱ्या रोगाला कोणी गजकर्ण म्हणतात, कोणी नायटा म्हणतात; आपल्या वैद्यांनीं त्यास दद्रु असें नांव दिलें आहे.

विषय जरा संकोचाचा आहे. ऐन चहाच्या वेळीं असलें बोलणें काढल्याबद्दल एखाद्या गृहिणीनें रेडिओचा कान पिळला तर माझी तक्रार नाहीं. परंतु हा संकोचच या रोगाचा निम्मा सोबती आहे, म्हणून थोडा वेळ थांबावें अशी विनंती करतों.

मी वैद्य नव्हें, डॉक्टरहि नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून मराठी शाळेंत आयुष्य काढलेला एक मास्तर. या विषयाकडे मी वळलों तो एका चुकीमुळें, आणि ती चूक माझी होती. पांच-सहा वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी श्रावणांत घरीं आला. बोलतां बोलतां सारखा मांडी खाजवीत होता. "गुरुजी, ह्याच्यावर कांहीं औषध आहे का हो? रात्रीं डोळ्याला डोळा लागत नाहीं," असें तो म्हणाला. माझ्या कपाटांत मलमाची एक नळी नेहमीं असे. पुरळ असो, डांस असो, मुंगी असो, सर्वांवर तीच. मीं ती त्याच्या हातावर ठेवली. चौथ्या दिवशीं स्टेशनावर भेटला तो हंसतच. "गुरुजी, तुमच्या औषधानं जादू केली!" मलाहि आपण मोठे धन्वंतरी असल्यासारखें वाटलें.

महिन्यानें तो पुनः आला. रुपयाएवढें कडें आतां तळहाताएवढें झालें होतें. त्यानें दुकानांतून त्याहून जोरकस नळी आणली. ती पुरेना म्हणून आणखी जोरकस. दिवाळीपर्यंत रोग पोटावर व पाठीवर पोंचला, त्याच्या आईच्या कमरेला लागला आणि लहान भाच्याच्या गालावरहि उमटला. तेव्हां कोठें आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलों. बाईंनीं कड्याच्या कांठावरची कोंड्यासारखी साल खरवडून कांचेवर घेतली, तिच्यावर पोटॅशच्या द्रावाचा थेंब सोडला, आणि थोड्या वेळानें मलाहि सूक्ष्मदर्शकांतून पाहूं दिलें. फांद्या फुटलेले पारदर्शक दोरे दिसत होते. मग त्यांनीं नळी मागितली, तिच्यावरील बारीक अक्षरें वाचलीं आणि विचारिलें, "ही पहिल्यांदा कोणी दिली?" मीं म्हटलें, "मीच." "आपण काय करतां?" "शिक्षक होतों. मुलांना वाचायला शिकवीत असें." बाई पुढें कांहीं बोलल्या नाहींत.

ते दोरे म्हणजे बुरशी. इंग्रजींत या रोगाच्या नांवांत किडा आला आहे, पण येथें किडा कोणताच नसतो. आपल्या त्वचेचा अगदीं वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्यांत केराटिन नांवाचें चिवट द्रव्य असतें. केंस व नखें त्याचींच बनलेलीं. बहुतेक जंतूंना तें पचत नाहीं. या बुरशीला तें उत्तम पचतें. ज्या ठिकाणीं ती पडते तेथून ती चोहोंकडे पसरूं लागते. शरीर तिच्यावर आपलें सैन्य धाडतें. मध्यभागीं तिचा मोड होतो, परंतु कांठावर लढाई चालूंच राहते. म्हणून मध्य फिकट आणि कांठ लाल, उंचट व खाजरा असें तें कडें दिसतें. लाली आणि खाज हीं बहुतांशीं त्या लढाईचीं चिन्हें आहेत. हें एवढें ध्यानांत आलें म्हणजे माझ्या नळीनें काय केलें तें समजावयास वेळ लागत नाहीं. तिच्यांत स्टेरॉइड होतें. स्टेरॉइड शरीराच्या सैन्याला परत बोलावतें. लढाई थांबते, लाली जाते, खाज जाते, आणि रान मोकळें मिळालेली बुरशी निवांतपणें पसरते. नळी थांबविली कीं सैन्य पुनः धांवून येतें. पण आतां आघाडी चौपट लांब झालेली असते.

स्टेरॉइडला शिव्या देण्याचें कारण नाहीं. १९५२ सालीं सुल्झबर्जर व विटन या अमेरिकन डॉक्टरांनीं हायड्रोकॉर्टिसोन मलमरूपानें त्वचेवर वापरून यश मिळविलें, तेव्हांपासून इसबासारख्या रोगांनीं गांजलेल्या असंख्य लोकांना त्यानें झोंप दिली आहे. पण जागा चुकली कीं तेंच अमृत विष होतें. १९६८ सालींच आइव्ह व मार्क्स या इंग्रज डॉक्टरांनीं स्टेरॉइडमुळें ओळखूं न येणाऱ्या गजकर्णाचें वर्णन करून त्याला वेष पालटलेला रोग अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें होतें. आपल्याकडे हा वेषांतराचा प्रकार घरोघर झाला, कारण एकाच नळींत क्लोबेटासोलसारखें अतिजोरकस स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एखाद-दुसरें जंतुनाशक अशी भेळ दुकानांत सहज मिळूं लागली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत देशांतील बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांपैकीं ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावीत होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना तें डॉक्टरेतर मंडळींनींच सुचविलें होतें. गोरें होण्यासाठीं लावणारेहि त्यांत होते. (काळ्या-सांवळ्याचा हा हव्यास आपल्या घरांतून केव्हां जाईल तो जावो.) मार्च २०१८ मध्यें केंद्र सरकारनें चौदा स्टेरॉइड-मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. माझ्या कपाटांतली नळी त्यानंतरची होती, आणि ती मीं चिठ्ठीवांचूनच आणली होती.

येथें थोडें विषयांतर करतों, कारण नायट्यावरील औषधांच्या इतिहासांत आपल्या बाजूचा एक गमतीदार धागा आहे. एकोणिसाव्या शतकांत गोव्यांत व मुंबईंत 'गोवा पावडर' नांवाचें एक पिवळसर चूर्ण नायट्यावर लावीत. १८६४ सालीं मुंबईचे औषधविक्रेते केंप यांनीं त्याची माहिती विलायतेंतील औषधशास्त्रज्ञांपुढें मांडली. पुढें उलगडा झाला कीं गोवा हें केवळ वाटेवरचें गांव. चूर्ण मूळचें ब्राझिलांतील एका झाडाचें, पोर्तुगीज व्यापाराबरोबर इकडे आलेलें. लंडनच्या बाल्मानो स्क्वायर यांच्या एका रोग्यानें आपल्याला नायटा झाला आहे अशा समजुतीनें तें लावलें. रोग निघाला सोरायसिस, आणि तोच हटला! स्क्वायर यांनीं १८७८ सालीं त्या उपचारावर लिहिलें, आणि त्या चूर्णांतील द्रव्याच्या धर्तीवर १९१६ च्या सुमारास जर्मनींत तयार झालेलें डिथ्रॅनॉल सोरायसिसवर आजहि वापरांत आहे. आमच्या शेलूच्या बांधावर पहिल्या पावसाबरोबर उगवणारा टाकळा, ज्याची भाजी आपण आवडीनें खातों, त्याला संस्कृतांत चक्रमर्द आणि दद्रुघ्न अशीं नांवें आहेत; त्याच्या बियांत गोवा पावडरींतील द्रव्याचें जवळचें नातलग सांपडतें. तथापि हें ऐकून कोणीं टाकळा वाटून अंगाला फांसूं नये. आजची बुरशी आजोबांच्या काळची राहिलेली नाहीं.

ती कशी बदलली, हें अलीकडच्या संशोधनाचें मुख्य सार आहे. १९५८ पासून ग्रिझिओफुल्विनची गोळी वापरांत आली, आणि १९९० नंतर टर्बिनाफीन आलें. दोन आठवड्यांत गजकर्ण जाई. सुमारें २०१३-१४ पासून मात्र देशभरचे डॉक्टर सांगूं लागले कीं तेंच औषध तितकेंच देऊनहि रोग हटत नाहीं, हटला तर परततो. वाराणसीच्या काशी हिंदु विश्वविद्यालयांतील डॉक्टरांनीं दोनशें रुग्णांचे चार सारखे गट पाडून प्रत्येक गटास एक औषध आठ आठवडे दिलें. २०२० सालीं निकाल प्रसिद्ध झाला तो असा: इट्राकोनाझोलनें शेंकडा ६६ बरे झाले, फ्लुकोनाझोलनें ४२, टर्बिनाफीननें अवघे २८ आणि ग्रिझिओफुल्विननें १४. म्हणजे सर्वांत चांगल्या औषधानेंहि आठ आठवड्यांत तिघांतला एक तसाच राहिला. त्याच वर्षीं जपानी संशोधकांनीं तेथें राहणाऱ्या एका भारतीय व एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेवरील बुरशी तपासून ती वेगळी जात असल्याचें जाहीर केलें, आणि तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असें नांव दिलें. आपल्या देशाचें नांव असल्या ठिकाणीं चिकटावें हें मला कांहीं रुचलें नाहीं. पण नांव पडलें आहे खरें.

टर्बिनाफीन निष्प्रभ कां होतें, याचेंहि कारण सांपडलें आहे. बुरशीला आपल्या पेशीचें आवरण बांधण्यासाठीं एक विकर लागतें. औषध त्या विकराच्या खांचेंत किल्लीसारखें अडकून काम बंद पाडतें. या बुरशीच्या पुष्कळशा वाणांत त्या विकराच्या सांखळींतला ३९७ वा दुवा बदललेला आढळला. एक दुवा बदलला, खांच बदलली, किल्ली बसेनाशी झाली. अर्धवट सोडलेले उपचार आणि स्टेरॉइडची भेळ यांनीं अशा वाणांना रान मोकळें करून दिलें असावें, असें पुष्कळ तज्ज्ञांचें मत आहे. २०२३ सालीं न्यूयॉर्कमध्यें दोन स्त्रियांच्या अंगावर हीच बुरशी आढळली. त्यांतील एक परदेशीं कोठेंहि गेलेली नव्हती.

आतां शुश्रूषेविषयीं. डॉक्टरीणबाईंनीं माझ्या विद्यार्थ्याला औषध देण्यापूर्वीं एक कागद दिला. १९९४ सालीं वेल्समधील कार्डिफच्या फिन्ले व खान यांनीं तयार केलेली ती दहा प्रश्नांची यादी. गेल्या आठवड्यांत खाज किती झाली, लाज किती वाटली, कपडे निवडतांना अडचण आली का, कामांत, खेळांत, जिवलगांशीं वागतांना व्यत्यय आला का, असे साधे प्रश्न. उत्तरांची बेरीज तीसपर्यंत जाते. मुलानें भिंतीकडे तोंड करून तो कागद भरला. बेरीज बावीस आली. तेव्हां मला कळलें कीं तो चार महिने ओटीवर एकटाच निजत होता, मित्राच्या लग्नाला गेला नव्हता, आणि नदीवर पोहणें त्यानें सोडलें होतें. आठवड्यांतून दोनदां मला भेटणाऱ्या मुलाचें हें मला ठाऊक नव्हतें.

बाईंनीं घरांतल्या तिघांवर एकदमच उपचार सुरूं केले. एकाला बरें करून दुसऱ्याला तसाच ठेवणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. मोठ्यांना गोळ्या, बाळाच्या गालाला केवळ साधें बुरशीनाशक मलम. आईला हृदयाचा विकार आहे का, दुसरीं कोणतीं औषधें चालूं आहेत, हें आधीं खोदून विचारिलें, कारण इट्राकोनाझोल अशा कांहीं रोग्यांना चालत नाहीं. खाज थांबली तरी गोळी थांबवावयाची नाहीं, बाई सांगतील तेव्हांच थांबवावयाची. टॉवेल, चादर, विजार प्रत्येकाची निराळी. रोग्याचे कपडे वेगळे, साठ अंशांच्या कढत पाण्यांत धुवावयाचे. ऊन असेल तेथें उलटे करून वाळवावयाचे. आमच्याकडे श्रावणांत ऊन कोठलें? म्हणून शिवणीवर व कमरपट्ट्यावर गरम इस्त्री फिरवावयाची. कामावर जातांना पिशवींत एक कोरडी विजार ठेवून तेथें पोंचतांच बदलावयाची. हें शेवटचें त्याला सर्वांत जड गेलें, कारण सहकारी विचारतील तर काय सांगावें? "पावसानं भिजलो म्हणावं," असें त्याची आई म्हणाली, आणि तें खोटेंहि नव्हतें. ज्यांनीं चेहऱ्याला पुष्कळ महिने स्टेरॉइड लावलें असेल त्यांनीं मात्र तें एकाएकीं स्वतःच बंद करूं नये. तोंड भडकून उठतें, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालींच तें सोडवावें लागतें.

नळीवरचें वाचावें कसें, तें बाईंनीं मला दाखविलें. औषधाच्या नांवाच्या शेवटीं 'सोन' किंवा 'सोल' असेल, जसें बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर तें बहुधा स्टेरॉइड. 'झोल' असेल, जसें क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल, तर बहुधा बुरशीनाशक. खूण ढोबळ आहे. फ्लुओसिनोलोन हें स्टेरॉइड तिच्यांतून निसटतें. दोन्ही प्रकारचीं नांवें एकाच नळीवर दिसलीं तर ती गजकर्णाला लावूं नये, दुकानदार कितीहि आग्रह करो.

मुलाच्या गोळ्या अकरा आठवडे चालल्या, आईच्या त्याहून थोड्या अधिक. बाळाचा गाल तीन आठवड्यांत स्वच्छ झाला. मुलाच्या मांडीवरचें कडें गेलें. पण स्टेरॉइडनें विरलेल्या त्वचेवर जे लांबट चरे पडले ते तेवढे राहिले, आणि ते पूर्ण पुसले जाणार नाहींत असें बाईंनीं त्याला सांगितलें आहे. पुढच्या उन्हाळ्यांत तो पुनः नदीवर पोहावयास गेला. कोणीं विचारिलें तर, लहानपणीं झाडावरून पडलों, असें सांगतो.