सापाचे बेट आणि सशांचा उपद्रव

मॉरिशस म्हटले की आपल्याला कोकणातून तिथल्या ऊसमळ्यांवर गेलेली माणसे आणि त्यांचा गणेशोत्सव आठवतो. त्या देशाच्या ईशान्येला, किनाऱ्यापासून बावीसेक किलोमीटरवर, राउंड आयलंड नावाचे दोनेक चौरस किलोमीटरचे ज्वालामुखीचे बेट आहे. तिथल्या ताडांच्या आणि केवड्याच्या जातकुळीच्या झाडांच्या रानात राउंड आयलंड बोआ नावाचा साप राहतो. त्याला विष नाही, आणि जेमतेम सव्वा-दीड मीटरच्या त्याच्या विळख्याची माणसाला काही भीती नाही. दिवसा तो गळलेल्या झावळ्यांखाली किंवा समुद्रपक्ष्यांच्या बिळांत पडून असतो आणि अंधार पडला की पाली, सापसुरळ्या धरायला बाहेर पडतो. नावात बोआ असला तरी त्याचे कूळ वेगळे. बहुतेक बोआ पिल्लांना जन्म देतात, हा अंडी घालतो. त्याहून नवल त्याच्या जबड्याचे. वरच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना मधोमध दुभंगलेले आहे आणि ते तुकडे बिजागरीसारखे हलतात. हा साप आणि त्याचा एक नामशेष भाऊबंद सोडला, तर पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात अशी रचना नाही. सापसुरळीचे अंग टणक, गोल आणि गुळगुळीत असल्याने ती दातांतून निसटते. दुमडणारा जबडा तिला घेरून धरण्यासाठीच असावा, असे अभ्यासकांना वाटते.

एकाच प्रकारच्या शिकारीला असा जखडलेला प्राणी आज ना उद्या संपणारच होता, तो वाचवण्याचा खटाटोप कशाला, असा आक्षेप यावर घेता येतो. पण पुरावा उलट दिशेला जातो. या सापाची जुनी हाडे मॉरिशसच्या मुख्य भूमीवर सापडली आहेत, म्हणजे एकेकाळी त्याचा वावर बराच मोठा होता. जहाजांबरोबर उंदीर आले तिथून तो गेला. राउंड आयलंडवर उंदीर कधीच पोहोचले नाहीत आणि तिथेच तो टिकला. तेव्हा दोष जबड्याचा नव्हे, पाहुण्यांचा.

राउंड आयलंडवर पाहुणे आले तेही दिसायला अगदी गरीब. एकोणिसाव्या शतकात माणसांनी तिथे शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी सापाला कधी हात लावला नाही. त्यांनी रोपे खाल्ली. नवी झाडे उगवेनात, कठीण लाकडाचे जंगल गेले, उघडी पडलेली माती पावसाने समुद्रात वाहून नेली आणि खालचा खडक वर आला. वर उल्लेखलेला भाऊबंद बहुधा मातीत बिळे करून राहणारा होता. तो 1975 मध्ये शेवटचा दिसला. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी हौसेने लावतात तो बॉटल पामही याच बेटाचा; रानात त्याची मोजकीच झाडे उरली होती.

शेवटच्या शेळ्या 1979 मध्ये काढल्या गेल्या, ससे 1986 मध्ये विष घालून संपवले गेले. एका सापासाठी इतके जीव मारणे क्रूर नाही का? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही; मरणारा ससा निरपराधच असतो. परंतु ससे जगात अनेक ठिकाणी आहेत, हा साप, तिथली सापसुरळी आणि ते ताड रानात दुसरीकडे कुठे नव्हते. शिवाय ससे ठेवले असते तर ती भूक थांबली नसती, रान संपेपर्यंत चालली असती. दुसरे म्हणणे असे की सापाला वाचवले ते प्राणिसंग्रहालयाने. जेराल्ड ड्युरेल यांच्या जर्सी येथील संस्थेने त्याची पैदास केली हे खरे आहे आणि कमी मोलाचेही नाही. तरी 2012 मध्ये गनर्स क्वॉइन या दुसऱ्या बेटावर 60 बोआ नेले गेले, ते राउंड आयलंडवरूनच. रान सावरल्यावर तिथे साप वाढले होते. गनर्स क्वॉइनवरचे उंदीर आधी हटवले होते आणि सापसुरळ्याही आधीच सोडल्या होत्या. भक्ष्याशिवाय साप नेऊन सोडण्यात काय अर्थ होता?

आता राउंड आयलंडवर जाणाऱ्या प्रत्येकाचे सामान तपासले जाते. कपड्याला चिकटलेले बी किंवा सामानात दडून आलेली परकी पाल पुन्हा तोच घोळ सुरू करू शकते आणि गाभण उंदरीण एकच असली तरी पुरते.