बक्षिसी आणि मजुरी

कळंबच्या शेजारी वालचंदनगर वसले ते साखर कारखान्यामुळे. १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी नीरा कालव्याच्या पाण्यावर येथे उसाचे मळे फुलवले, कारखाना उभारला आणि पुढे त्याच कारखानदारीतून अवजड यंत्रे घडवणारे कारागीर तयार झाले. येथे घडलेले यंत्र विकत घेणारा ग्राहक किंमत चुकती केल्यावर फिटरच्या किंवा वेल्डरच्या हातावर वेगळे दहा रुपये ठेवीत नाही. तसे कोणी करू लागले तर त्या कारागिराला तो अपमानच वाटेल. कामाचा मोबदला पगाराच्या दिवशी हक्काने मिळतो, अशी त्याची रास्त समजूत आहे. परंतु तोच कारागीर पाळी संपल्यावर हॉटेलात बसून चहा-भजी घेतो, तेव्हा उठताना त्याचा हात नकळत खिशाकडे जातो. एकाच्या श्रमाची किंमत वस्तूच्या किमतीत पूर्णपणे धरलेली असते. दुसऱ्याच्या श्रमाचा काही भाग मात्र गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेला असतो. हा भेद का असावा?

प्रश्न जुनाच आहे. पण त्याला आता नवे निमित्त मिळाले आहे. कळंब, इंदापूर, बारामतीकडची मुले शिक्षणासाठी पुण्यात जातात आणि जेवणखाणाची बरीचशी सोय स्वयंसेवेच्या उपाहारगृहांत पाहतात. तेथे आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, कूपन घ्यायचे, नंबर पुकारला की आपली थाळी आपण उचलायची, पाण्याचा पेला आपणच भरायचा आणि कित्येक ठिकाणी उष्टी ताटलीही आपणच टबात नेऊन ठेवायची. अशाही काही जागी गल्ल्याशेजारी एक डबा ठेवलेला दिसतो आणि त्यावर ‘टिप’ असे लिहिलेले असते. मागे रांग ताटकळत असते. डब्याकडे न पाहता पुढे जावे तर मन खाते. पैसे टाकावेत तर घरून येणाऱ्या तुटपुंज्या रकमेचा हिशेब आडवा येतो. जेथे वाढायला कोणी आलेच नाही, तेथे ही बक्षिसी कोणाला आणि कशासाठी?

बशीतली चिल्लर

‘बक्षीस’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा अर्थ देणगी. प्रसन्न होऊन दिलेली वस्तू. देणगी घेणाऱ्याला ती मागण्याचा हक्क नसतो आणि देणाऱ्यावर ती देण्याचे बंधन नसते. दिवाळीची पोस्त याच कुळातली. पोस्टमनला, सफाई कामगाराला वर्षातून एकदा दिलेली ही रक्कम वर्षभराच्या ओळखीची खूण असे. पगार त्यांना अन्यत्र मिळत होताच.

हॉटेलातली बक्षिसी या ओळखीवरच उभी होती. इराण्याच्या किंवा उडप्याच्या हॉटेलात वेटर ऑर्डर घेई, पाणी ठेवी, पदार्थ आणी आणि गिऱ्हाईक गल्ल्याकडे वळले की तेथूनच बिलाचा आकडा पुकारी. बडीशेपेच्या बशीत उरलेली मोड परत आली की त्यातली काही नाणी बशीतच राहत. नेहमीच्या गिऱ्हाइकाला कडक चहा लागतो की पांढरा, पावाला मस्का जास्त हवा की कमी, हे त्या माणसाला पाठ असे. या अगत्याला दिलेली दाद म्हणजे ती चिल्लर.

ही चिल्लर आता दोन बाजूंनी आटली. एकीकडे वाढण्याचे काम गिऱ्हाइकाकडेच आले. दुसरीकडे, २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे बिलाचे पैसे पैशापर्यंत नेमके चुकते होऊ लागले. मोड परत येईनाशी झाली आणि बशीत ठेवायला काही उरले नाही. शिवाय भ्रमणध्वनीवरून दिलेला प्रत्येक रुपया मालकाच्या खात्यात जातो, टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नव्हे.

स्वयंसेवा म्हणजे कोणाची सेवा?

येथे पुष्कळांचा युक्तिवाद थांबतो. सेवा दिली नाही, मग बक्षिसी कसली, असे ते म्हणतात. वरवर पाहता हे बिनतोड वाटते. परंतु ‘स्वयंसेवा’ हा शब्द पुरता खरा नाही. गिऱ्हाईक थाळी उचलून टेबलापर्यंत नेते एवढेच. कांदा चिरण्यापासून उष्टे काढण्यापर्यंतची बाकीची सारी सेवा दुसरेच कोणी करीत असते. भटारखान्यात आचारी भट्टीसमोर घामाने निथळत असतो. टेबलावर फडका मारणारा दिवसभर वाकून काम करतो. आणि मोरीपाशी भांडी घासणाऱ्या बाईचे हात रात्रीपर्यंत साबणाच्या पाण्यात असतात. वेटर गेला, ही माणसे गेली नाहीत. फरक इतकाच झाला की, गिऱ्हाइकाची आणि त्यांची नजरानजर होत नाही.

तेव्हा डब्यात पैसे टाकणाऱ्याला भाबडा म्हणून हसण्याचे कारण नाही. आपल्या स्वस्त थाळीमागे कोणाचे तरी कमी वेतन आहे, ही त्याची शंका पुष्कळदा खरी असते. मात्र शंका खरी असली म्हणून उपाय बरोबर ठरत नाही. गल्ल्यावर पडलेली नोट मोरीपाशी उभ्या असलेल्या बाईपर्यंत पोचते काय, हे टाकणाऱ्याला कळत नाही. आणि ती पोचत असली, तरी त्यामुळे मूळ दुखणे बरे होते की लांबते, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

बलुत्याचा धडा

कामाचा मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर सोडला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. बलुतेदारीत सुतार, लोहार, चांभार, न्हावी वर्षभर गावाची कामे करीत आणि खळ्यावर त्यांना धान्याच्या रूपाने बलुते मिळे. कागदोपत्री तो हक्क होता. व्यवहारात मात्र पाचुंदा भरलेला मिळायचा की पोकळ, हे कुणब्याच्या खुशीवर, पिकावर आणि बलुतेदाराच्या जातीवर ठरे. ज्यांच्या वाट्याला गावकीची सर्वांत हलकी व कष्टाची कामे आली, त्यांना तर दारोदार जाऊन आपलाच मोबदला हात पसरून मागावा लागे. मजुरीला भिकेची कळा आली ती अशी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच वेदना होती. काम ठरलेले असावे, त्याचे वेतनही ठरलेले असावे आणि ते मेहेरबानी म्हणून न मिळता हक्क म्हणून मिळावे, हा त्या लढ्याचा गाभा होता. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. हॉटेलातली टिप म्हणजे बलुते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; बलुतेदारीतली जन्माची सक्ती येथे नाही. परंतु ज्याचे पोट दुसऱ्याच्या खुशीवर अवलंबून असते, त्याला हसू नसतानाही हसावे लागते आणि अपमान गिळावा लागतो, एवढे साम्य दोहोंत आहेच.

अमेरिकेत काय झाले

हा मार्ग शेवटी कोठे जातो, हे पाहायचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे १९६६ साली कायद्यात अशी तरतूद झाली की, टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने किमान वेतनापेक्षा कमी पैसे द्यावेत आणि उरलेली भर टिपेतून धरावी. टिपेतून भर पडली नाही तर फरक मालकाने द्यायचा, असे कायदा सांगतो. पण परिणाम असा झाला की, अशा नोकराला मालकाने स्वतः द्यावयाचे केंद्रीय कायद्याचे वेतन १९९१ सालापासून तासाला २.१३ डॉलरवरच खिळून राहिले. इतरांसाठीचे किमान वेतन मात्र २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. काही राज्यांनी ही सवलत नाकारून पूर्ण वेतन बंधनकारक केले आहे, सर्वांनी नव्हे. बक्षिसी म्हणून जे सुरू झाले, ते पगाराची जागा अडवून बसले. आता तेथे उभ्याउभ्या कॉफीचा पेला घेतला तरी गल्ल्यावरचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळवला जातो आणि त्यावर किती टक्के टिप देणार, असा प्रश्न उमटतो. तेथील मराठी कुटुंबे सुट्टीत गावी आली म्हणजे या पडद्याच्या गोष्टी सांगतात आणि ऐकणारे हसतात. परंतु आपल्याकडचा डबा ही त्याच पडद्याची धाकटी भावंडे होत, हे ध्यानात घ्यावयास हवे.

याउलट फ्रान्समध्ये सेवेचे मूल्य दरपत्रकातील किमतीतच धरलेले असते. जपानमध्ये टिपेची प्रथाच नाही. तेथे ठेवलेले पैसे विसरले असे समजून परत आणून देतात. त्या देशांत आतिथ्य कमी आहे असे कोणी म्हणत नाही.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे मोठ्या उपाहारगृहांनी निराळी वाट काढली होती. बिलातच ‘सेवा आकार’ जोडावयाचा आणि गिऱ्हाइकाने निमूटपणे भरावयाचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूत्रे काढून असा आकार आपोआप लावण्यास मनाई केली. उपाहारगृह चालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या; परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती सूत्रे उचलून धरली. त्या निकालाविरुद्ध अपीलही झाले. टिप स्वेच्छेची असते, तिला बिलाचा वेष चढवून वसूल करता येत नाही, हा त्या निकालाचा सामान्य माणसाला समजणारा अर्थ.

दुसरा निकाल तितकाच महत्त्वाचा असून त्याची चर्चा मात्र कमी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात स्पष्ट केले की, गिऱ्हाइकाने कार्डावरून दिलेली टिप मालकाकडे जमा झाली तरी ती मालकाची होत नाही. नोकरांसाठी तो ती विश्वस्त म्हणून सांभाळतो. ती पगारही नव्हे. खटला कराचा होता. पण त्यातले तत्त्व गल्ल्यावरच्या साध्या डब्यालाही शोभणारे आहे. त्या डब्यातला रुपया शेठचा नाही. ब्रिटनने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप पूर्णपणे व न्याय्य रीतीने नोकरांत वाटण्याचे बंधन मालकांवर कायद्यानेच घातले आहे.

आणि टिप पगार नव्हे, याची दुसरी बाजू अशी की टिप मिळते म्हणून पगार कमी देता येणार नाही. किमान वेतनाचे तत्त्व आपण १९४८ सालीच कायद्यात आणले. हॉटेल-ढाब्यांत लहान मुले राबवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. त्यापूर्वी टेबल पुसणारा ‘पोऱ्या’ हा हॉटेलाचा जणू अविभाज्य भाग मानला जाई, आणि त्याच्या हातावर आठ आणे ठेवून गिऱ्हाईक समाधानाने बाहेर पडे. त्या आठ आण्यांनी एकही पोऱ्या शाळेत गेला नाही. काही मुले शाळेत जाऊ शकली ती कायद्यामुळे आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्यांमुळे.

दान वेगळे, दर वेगळा

यावर कोणी म्हणेल की, माणूस म्हणजे काही हिशेबाची वही नव्हे. हे खरे आहे. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा याच मुलखातली घरे वारकऱ्यांना भाकरी-पिठले वाढतात. तेथे दर नसतो, टिप नसते आणि कोणी कोणाच्या उपकाराखाली येत नाही. देण्यातला आनंद या मातीला नवा नाही. परंतु दानाच्या जागी दान शोभते आणि व्यवहाराच्या जागी चोख व्यवहार. दुकान थाटून दर लावला, नफा घेतला आणि नोकराचा पगार मात्र गिऱ्हाइकाच्या दानतीवर टाकला, तर व्यवहारही बिघडतो आणि दानही.

म्हणून स्वयंसेवेच्या उपाहारगृहात गल्ल्यावर टिप देण्याचे बंधन गिऱ्हाइकावर नाही. महिनाअखेर मोजून जेवणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा कारकुनाने डब्यासमोर शरमण्याचे मुळीच कारण नाही. त्याने थाळीची किंमत दिली आहे आणि त्या किमतीत सर्वांची मजुरी आली पाहिजे. ती येत नसेल तर थाळी दोन रुपयांनी महाग करावी; ते गिऱ्हाइकाने कुरकुर न करता द्यावेत. स्वस्ताईचा हट्ट धरायचा आणि वर बक्षिसीचे पुण्यही जोडायचे, ही दुहेरी कमाई काही खरी नव्हे.

ज्याला मनापासून काही द्यावेसे वाटते, त्याने ते जरूर द्यावे. मात्र डब्यात टाकण्याऐवजी टेबल पुसणाऱ्याच्या किंवा भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात, नजरेला नजर देऊन द्यावे. मालकाला डबा ठेवायचाच असेल, तर त्यातली रक्कम कोणाकोणात आणि कशी वाटली जाते, याची पाटी शेजारी लावावी. आचारी आणि मोरीवरची माणसे त्या वाटपातून सुटू नयेत. आणि ज्याच्याकडे देण्यासारखे पैसे नाहीत, त्यालाही एक गोष्ट करता येते. आपली ताटली टबात नीट ठेवावी, सांडलेले पाणी पुसावे आणि फडका घेऊन आलेल्या माणसाला ‘अरे’ न म्हणता ‘दादा’ म्हणावे.

वालचंदनगरच्या फिटरला कोणी टिप देत नाही, याचे त्याला दुःख नाही. महिन्याच्या पगारावर तो घर चालवतो, मुलांच्या फीचा हिशेब आधीच मांडतो. थाळी पुसणाऱ्याच्या घरीही तो हिशेब आधी मांडता आला पाहिजे.