लाल बटा कक्का

मऊरानीपुरात माझा भाऊ बँकेत आहे. थंडीत महिनाभर त्याच्याकडे राहायला गेले, तर दुसऱ्याच दिवशी घरमालकांच्या दहावीतल्या मुलीनं गणिताची वही आणून पुढ्यात ठेवली. भाऊ तिचा चाचा, म्हणून मी बुआजी. पुण्यात तीसेक वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली बुआजी आयती घरात सापडल्यावर, बोर्डाच्या परीक्षेआधी तिला कोण सोडतं?

"त्रिकोणमिति आती है," ती म्हणाली आणि पुरावा म्हणून घडाघडा बोलून गेली, "लाल बटा कक्का."

हिंदी माध्यमात शिकलेल्यांना हा मंत्र तोंडपाठ असतो. लंब, आधार, लंब यांची आद्याक्षरं वर. कर्ण, कर्ण, आधार यांची खाली. म्हणजे साइन लंब भागिले कर्ण, कॉस आधार भागिले कर्ण, टॅन लंब भागिले आधार. 'कका'चा बुंदेलखंडात सहज 'कक्का' होतो, कारण इथे काकाला कक्काच म्हणतात. शिवाय हे गाव एके काळी आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांनी रंगवलेल्या लाल खरुआसाठी नावाजलेलं. आपल्याकडचा खारवा तो हाच. त्यामुळे लाल कपड्यातले कुणी कक्का माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले ते राहिलेच.

मी काटकोन त्रिकोण काढला. एक बाजू उभी, एक आडवी. खालच्या कोनाचं साइन तिनं झटकन लिहिलं, बरोबर. मग मी वरच्या कोनाला खूण केली आणि त्याचं साइन विचारलं. तिनं पुन्हा तोच अपूर्णांक लिहिला.

"लंब तो खड़ी वाली भुजा है ना, बुआजी?"

इथे घोडं अडलं होतं. मंत्र चोख होता, पण 'लंब' या शब्दानं तिच्या मनात एक बाजू कायमची उभी करून ठेवली होती. खरं तर कोन बदलला की लंबही बदलतो. वरच्या कोनापुरता तो जमिनीवर आडवा पडतो.

मी मनात म्हटलं, आपलं मराठी बरं. 'संमुख बाजू' म्हणजे कोनाच्या समोरची, यात चुकायला जागाच नाही. लगेच आठवलं, जागा आहे, फक्त दुसरीकडे. आपण दुसऱ्या बाजूला 'लगतची' म्हणतो, आणि कर्णही कोनाच्या लगतच असतो! त्या एका शब्दापायी कॉसच्या जागी भलतंच लिहिलेल्या किती उत्तरपत्रिका मी लाल केल्या असतील. तेव्हा मी पोरांना बेसावध म्हणत होते. शब्दाकडे बोट दाखवायचं मला सुचलं नव्हतं.

वही मिटली आणि दुपारी अडीचच्या सुमारास तिला बाहेर काढलं. तिच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, इकडे त्याला चाँदा म्हणतात. त्याच्या सरळ कडेवर शीतपेयाची नळी चिकटवली, मध्यबिंदूतून सुताचा दोरा ओवला आणि टोकाला लोखंडी नट बांधला. समोरच्या कडुनिंबापासून मीटरपट्टीनं सतरा मीटर मोजले. तिथे उभी राहून ती नळीतून शेंडा पाहू लागली. दोरा कुठे थांबतो ते मी वाचत होते.

"साठ," मी म्हटलं.

"तो टैन साठ!"

"थांब. नळी आडवी धरलीस तर दोरा किती दाखवेल?"

तिनं धरून पाहिली. नव्वद. मग नव्वदातून साठ वजा करायचे, म्हणजे शेंड्याचा कोन तीस, हे तिचं तिनंच काढलं. टॅन तीस म्हणजे साधारण 0.577. सतरानं गुणल्यावर 9.8 मीटर आले. आणि झाड एवढंच? ती गप्प झाली. मग स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवून खाली जमिनीकडे पाहिलं. कोन जमिनीपासून नव्हे, तिच्या डोळ्यांपासून मोजला होता. ते 1.4 मीटर मिळवले, 11.2 झाले.

पडताळा म्हणून मीटरभर काठी उभी केली. तिची सावली दीड मीटर, त्याच वेळी झाडाची साडेसोळा. समरूप त्रिकोणांनी उंची 11 मीटर दिली. वीस सेंटिमीटर कुठे गेले? मी तिला टॅन एकतीस घेऊन बघायला सांगितलं. एका अंशानं उत्तर चाळीस सेंटिमीटरनं हललं. वाऱ्यावर दोरा त्याहून जास्त डुलत होता.

उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत गणिताची लेखी परीक्षा सत्तर गुणांची. त्यातले वीस गुण ओएमआर पत्रिकेवर गोल काळे करून मिळवायचे. साइन तीस किती, असल्या गोलाला पाठांतर पुरतं. म्हणून लाल-कक्कावर माझा राग नाही. तो कपाटाच्या किल्लीसारखा आहे. कपाट कुठे आहे ते मात्र किल्ली सांगत नाही.

संध्याकाळी चहा पिताना तिला साइनची गोष्ट सांगितली. आपल्या ज्योतिर्गणितात धनुष्याच्या दोरीवरून 'ज्या' आणि 'जीवा' हे शब्द आले. अरबांनी जीवाचं 'जिबा' केलं. त्यांच्या लिपीत स्वर लिहायची सक्ती नसल्यानं पुढे ते 'जैब' असं वाचलं गेलं, म्हणजे कपड्याचा घोळ. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर 'सायनस' झालं आणि त्याचंच साइन. हिंदीतली 'जेब' त्याच जैबची.

"मतलब साइन जेब है?" तिला हसू आवरेना. शब्दामुळे फसलेली ती पहिली नाही, हे तिला फार आवडलं असावं.

निघायच्या आदल्या दिवशी ओसरीवर ती धाकट्या भावाला त्रिकोण शिकवत होती. तो अजून आठवीत, त्याला साइनशी देणंघेणं नव्हतं. तिनं त्रिकोण काढला, मग वही सरळ उलटी फिरवून त्याच्यापुढे धरली. त्यानं विचारलं, "लंब कौन सा है?"

"पहले ये बता," ती म्हणाली, "तू खड़ा किस कोने में है?"