स्वीट पी (लेखांक ४) : बी भिजवावे की खरवडावे?

स्वीट पीचा दाणा गोल, चार-पाच मिलिमीटरचा, बहुधा काळपट तपकिरी असतो. शेंगेपासून तुटल्याची लांबट खूण एका बाजूला दिसते, तो त्याचा डोळा. रुजवणीतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दाण्याच्या टरफलात असते. टरफलाच्या बाहेरच्या थरातल्या उभ्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही. भिजवलेल्या मटकीत एखादा गणंग हाताला लागतो, तोही याच कारणाने टणक राहिलेला असतो. स्वीट पीच्या पाकिटात असे गणंग पुष्कळ निघतात.

वेलीच्या दृष्टीने हा टणकपणा मोठा शहाणपणाचा आहे. कुपानी या मठवासी वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९९ मध्ये बी इंग्लंडला धाडले ते सिसिलीतून. तिथला उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो आणि पाऊस पडतो हिवाळ्यात. उन्हाने शेंगा तडकतात आणि दाणे जमिनीवर उडतात. अशा वेळी एखाद्या भटक्या सरीने सगळेच दाणे रुजले, तर आठवड्याभरात सगळीच रोपे करपतील. टरफल ही घाई होऊ देत नाही. काही दाणे पहिल्या पावसाला रुजतात, काही महिनाभराने, तर काही पुढच्या वर्षापर्यंत थांबतात. बागेत मात्र रोपे एकाच वेळी हवी असतात, आणि इथेच माळ्याची गरज व वेलीचा स्वभाव यांचे जमत नाही.

मांडवाची बांधणी या लेखांकात यायची होती. पण बी रात्रभर भिजवायचे का, या एकाच प्रश्नाची इतकी पत्रे आली की मांडव पुढच्या आठवड्यावर गेला.

भिजवण्याचा खरा उपयोग निवडीसाठी आहे. संध्याकाळी बी कोमट पाण्यात टाकावे आणि सकाळी ताटलीत पसरून पाहावे. जे दाणे टम्म फुगले, त्यांना वाट मिळाली. ते लगेच पेरावेत. जे होते तेवढेच राहिले, ते पुसून कोरडे करावेत आणि डोळ्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला नेलकटरने टरफलाचा बारीक टवका काढावा. आतला फिकट गर दिसला की थांबावे. कोवळे मूळ डोळ्याजवळून बाहेर पडते, म्हणून त्या बाजूला हत्यार लावू नये. नेलकटर जमत नसेल तर पॉलिश पेपरवर दाणा घासला तरी चालतो. मग हे दाणे पुन्हा चार-पाच तास भिजवले की तेही फुगतात. सगळे पाकीट दोन-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवणे ही सर्वांत वाईट रीत. त्यात फुगलेल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात. फिकट रंगाच्या बियांचे टरफल पातळ असते. त्या भिजवू नयेत, खरवडू तर मुळीच नयेत. जेमतेम ओल्या मातीत थेट पेराव्यात.

हे बी विषारी आहे. अपायकारक म्हणून ओळखली जाणारी विदर्भातली लाखोळी डाळ स्वीट पीच्याच लॅथिरस प्रजातीतली. स्वीट पीचे दाणे वाटाण्यासारखे दिसतात, तेव्हा भिजवलेली वाटी मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

पुणे-नाशिककडे ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास, पेरणी करावी. रुजण्यासाठी १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान उत्तम. कोकणपट्टीत ही वेल रमत नाही. वाण निवडताना दिवसाची लांबी पाहावी लागते. फुलोऱ्याला यायला इंग्रजी स्पेन्सर वाणांना सुमारे बारा तासांचा दिवस लागतो. पुण्यात तो मार्चच्या मध्यानंतर येतो, तोवर ऊन चढलेले असते. डिसेंबर अखेरीस पुण्यातला दिवस साधारण अकरा तासांचा असतो. तेवढ्यावर कळ्या धरणारे ‘विंटर एलिगन्स’सारखे लवकर फुलणारे वाणच इकडे घ्यावेत.

मुळे सरळ खोल जातात, म्हणून पसरट ट्रेपेक्षा उंच पिशवी किंवा पुठ्ठ्याची नळी बरी. पोयटा, वाळू आणि मुरलेले शेणखत यांचे मिश्रण भरून दाणा दोन सेंटिमीटर खोल लावावा. एकदा झारीने पाणी दिले की कोंब दिसेपर्यंत माती फक्त दमट ठेवावी. उंदरांना हे बी फार आवडते, त्यामुळे वर बारीक जाळी हवीच.

दहा ते चौदा दिवसांत मान वाकवलेला कोंब वर येतो. डाळिंब्या मातीखालीच राहतात. देठाच्या दोन्ही कडांना पंखासारखी चपटी पट्टी असते. खालची पहिली एक-दोन पाने नुसत्या खवल्यांएवढी असतात, खरी जोडपाने त्यांच्यावर येतात. कोंब दिसताच पिशव्या भर उन्हात, मोकळ्या हवेत न्याव्यात; सावलीत ठेवलेली रोपे दोन दिवसांत किडकिडीत होऊन लोळतात. गोगलगाईने शेंडा खाल्ला तरी रोप उपटू नये, डाळिंब्यांजवळच्या डोळ्यांतून नवा फुटवा येतो.

तीन जोडपाने आली की शेंडा नखाने खुडावा. मूळ खोड तसे दुबळेच असते. खालून येणारे फुटवे जाडजूड निघतात आणि पुढे वेल त्यांच्यावरच वाढते. या वयात युरिया देऊ नये. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नत्राची सोय करतात, वरून दिलेल्या नत्राने नुसता पाला माजतो. फुटवे बोटभर झाले की पिशवी फाडून, मातीचा गड्डा न फोडता, रोपे वीस सेंटिमीटर अंतरावर वाफ्यात लावावीत.