मुखवट्याखालचं मन : जर्मन अभिव्यक्तिवादी व्यक्तिचित्रांचा मागोवा
जून १९०५. ड्रेस्डेनमध्ये वास्तुकला शिकणाऱ्या चार तरुणांनी ‘डी ब्र्यूके’ हा चित्रकारांचा गट स्थापन केला. एर्न्स्ट लुडविग किर्शनर त्यांतला एक. या मंडळींच्या सुरुवातीच्या व्यक्तिचित्रांत हिरवे गाल आहेत, भडक कपाळं आहेत. पण त्यांत मनाचा ठाव घेण्यापेक्षा बंडाचा आनंद अधिक आहे.

माणसाच्या आत खरा उतरला तो ऑस्कर कोकोश्का. तो ऑस्ट्रियाचा, पण १९१० पासून बर्लिनमध्ये वावरलेला. त्याच वर्षी त्याने मनोविकारतज्ज्ञ ऑगस्ट फोरेल यांना रंगवलं. पातळ, खरवडलेला रंग, आखडलेले म्हातारे हात, हरवलेली नजर. मनाच्या अभ्यासात हयात घालवलेल्या फोरेलनी ते चित्र घेतलं नाही. पुढे त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि चित्रकाराला भविष्य दिसलं होतं, अशी आख्यायिका पसरली. या आख्यायिकेने कोकोश्काचं मोठेपण झाकोळतं, असं मला वाटतं. समोर बसलेल्या माणसाचा थकवा न लपवता रंगवण्याचं धैर्य हीच त्याची खरी कमाई.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि चित्रकारांची नजर स्वतःकडे वळली. १९१५ मध्ये तोफखान्यात प्रशिक्षण घेतानाच किर्शनर मनाने कोसळला. आघाडीवर तो गेलाच नाही. त्याच वर्षी रंगवलेल्या ‘सैनिकाच्या वेशातील आत्मचित्रा’त मात्र त्याचा उजवा पंजा मनगटापासून तुटलेला दिसतो. अंगावर गणवेश, ओठांत सिगारेट, डोळे रिकामे, मागे एक विवस्त्र स्त्री. प्रत्यक्षात हात शाबूत होता. गेलं होतं ते चित्र काढता येईल हा भरवसा. न झालेली जखम इतक्या खरेपणाने दाखवणारं दुसरं आत्मचित्र मला ठाऊक नाही. चित्रकार माक्स बेकमान युद्धात रुग्णसेवक होता आणि तोही १९१५ मध्ये खचला. १९१७ च्या लाल गळपट्ट्यातल्या आत्मचित्रात तो भेदरून बाजूला पाहतो.

चित्रकार केटे कोलविट्झला अभिव्यक्तिवादी प्रवाहात धरावं की नाही, यावर समीक्षकांत मतभेद आहेत. मी तिला धरतो. ऑक्टोबर १९१४ मध्ये तिचा धाकटा मुलगा पेटर युद्धात मारला गेला. त्यानंतरच्या तिच्या आत्मचित्रांत रंगांचा आक्रोश नाही. लाकूडठशाच्या, शिळाछापाच्या काळ्या-पांढऱ्यात दुःख मुरत गेलेलं, वर्षागणिक जड होत गेलेलं दिसतं. किर्शनरची भीती क्षणात अंगावर येते, कोलविट्झचं दुःख जवळ जाऊन बराच वेळ पाहावं लागतं.

या चेहऱ्यांची धास्ती नाझी सत्तेनेही घेतली. ती सत्ता येण्याआधी, १९२८ मध्येच, वास्तुकार पाउल शुल्त्से-नाउमबुर्ग याने आपल्या पुस्तकात आधुनिक चित्रांतल्या चेहऱ्यांशेजारी व्याधिग्रस्त माणसांची छायाचित्रं छापून दोन्हींची हेटाळणी केली होती. १९३७ मध्ये म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात किर्शनरचं ते आत्मचित्र टांगलं गेलं, तेही नाव बदलून : ‘सैनिक आणि वेश्या’. चित्रातला माणूस म्हणजे चित्रकार स्वतः, एवढंही त्या नावात उरू दिलं नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये, दावोसजवळ, किर्शनरने आत्महत्या केली.