उजेड सारखा पडावा म्हणून

भारनियमनाच्या दिवसांत आमच्या घरी पहिला पांढरा एलईडी आला तो हातातल्या टॉर्चमधून. संध्याकाळी वीज गेली की मुलं तो भिंतीवर मारत. मधोमध निळसर पांढरा गोळा, त्याला पिवळट कड आणि कडेबाहेर एकदम अंधार. सगळ्यांना त्या गोळ्याच्या प्रखरपणाचं अप्रूप होतं, मला मात्र ती पिवळी कड खटकायची. तिचं कारण पुढे समजलं. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो आणि दोन्ही रंग मिळून डोळ्याला पांढरे दिसतात. सरळ समोर जाणारा किरण या थरातून कमी अंतर कापतो, तिरका जास्त. म्हणून तिरका उजेड अधिक पिवळा होऊन बाहेर पडतो.

ती निळी चिप मिळवायलाच तीसेक वर्षं लागली होती. निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये केला. प्रखर निळा एलईडी जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये जगासमोर आणला. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते रास्तच होतं. पण निळा सापडल्यावर सगळी धाव एकाच गोष्टीमागे लागली, ती म्हणजे एका वॅटमधून किती लुमेन, म्हणजे किती उजेड, निघतो. ते लुमेन खोलीत कुठे पडतात, हा प्रश्न बराच काळ मागेच राहिला. मला तो प्रश्न पहिला वाटतो, कारण माणूस लुमेनमध्ये राहत नाही, खोलीत राहतो.

जुन्या पिवळ्या बल्बला हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्याची तार सगळ्या दिशांना तापून उजळायची. अडचण एकच होती, ती तार डोळ्यांत खुपायची. त्यावर जनरल इलेक्ट्रिकच्या मार्विन पिपकिन यांनी १९२५ मध्ये उपाय काढला. काच आतून आम्लाने खरवडली तर उजेड मऊ होत होता, पण काच ठिसूळ होऊन फुटायची. पिपकिन यांनी तीच काच पुन्हा सौम्य आम्लातून काढली. खरवडलेल्या खड्ड्यांच्या धारदार कडा गोल झाल्या आणि काच टिकू लागली. आपल्याकडच्या दुधी बल्बचं मूळ इथे आहे. उजेड फारसा वाया न घालवता तो मऊ करण्याची ही युक्ती मला शंभर वर्षांनंतरही अतिशय सुंदर वाटते.

एलईडीचं नेमकं उलटं. चिप सपाट असते आणि तिची उष्णता काढून घ्यायला ती अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवावी लागते. म्हणजे पाठीमागे धातू आणि तोंड एकाच दिशेला. समोर सगळ्यात जास्त उजेड, तिरकं जावं तसा कमी, साठ अंशांवर निम्मा, पाठीमागे शून्य. अशा चिपा एका चकतीवर बसवून, वर अर्धगोल दुधी टोपी ठेवून पहिले बल्ब बाजारात आले. आमच्या माजघरात भिंतीवरच्या अँगल होल्डरला तसा एक लावला. समोरची जमीन लख्ख झाली, पण छत काळवंडलं आणि होल्डरमागची भिंत विझल्यासारखी दिसू लागली. आई म्हणाली, "दिवा लागलाय, पण घर नाही लागलं." मीटरवर मोजलं असतं तर उजेड आधीपेक्षा जास्तच भरला असता.

अमेरिकेत हे लवकर ओळखलं गेलं. तिथल्या एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या मानांकनाच्या २०१० च्या सुमारास लागू झालेल्या निकषांनी स्पष्ट अट घातली. सर्व दिशांना उजेड देणारा म्हणवणाऱ्या बल्बची तीव्रता समोरच्या शून्य अंशापासून १३५ अंशांपर्यंत सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक कमीजास्त होता कामा नये आणि त्यामागच्या भागातही निदान ५ टक्के उजेड गेला पाहिजे. ही अट वाचली तेव्हा मला आनंद झाला होता. आईने एका वाक्यात सांगितलेलं कोणीतरी अंशांत मांडलं होतं.

मग बल्बांचे आकार बदलू लागले. अमेरिकी ऊर्जा खात्याने २००८ मध्ये ६० वॅटच्या बल्बला पर्याय शोधण्यासाठी एल प्राइझ नावाचं पारितोषिक ठेवलं, ते ऑगस्ट २०११ मध्ये फिलिप्सला मिळालं. तो बल्ब बंद असताना चक्क पिवळा दिसायचा, कारण फॉस्फर चिपवर न लावता बाहेरच्या कवचात दिला होता. निळ्या चिपा आत, पिवळं कवच बाहेर. त्यामुळे चिपेऐवजी अख्खं कवच उजळायचं. दहा वॅटच्या आत ९०० हून अधिक लुमेन मिळत. वजनदार आणि महाग असल्याने तो घराघरांत पोचला नाही, पण उजळणारा पृष्ठभाग मोठा केला की उजेड आपोआप मऊ होतो, हे त्याने दाखवलं.

त्यानंतर आलेला फिलामेंट एलईडी मला आजवरचं सगळ्यात चांगलं उत्तर वाटतं. काच किंवा नीलम यांच्या बारीक काडीवर दोन-तीन डझन चिमुकल्या चिपा ओळीने बसवायच्या, दोन्ही बाजूंनी फॉस्फर द्यायचा आणि अशा काड्या जुन्याच काचेच्या बल्बमध्ये उभ्या करायच्या. आत हेलियम भरायचा, कारण तो उष्णता हवेपेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतो. मागचा धातूच गेला, म्हणून सावलीही गेली.

आपल्याकडे मात्र वाट दराने ठरवली. ५ जानेवारी २०१५ ला स्वस्त एलईडी बल्ब वाटणारी सरकारी उजाला योजना सुरू झाली. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत सरकारी खरेदीत ३८ रुपयांवर आला. ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. विजेच्या बचतीच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट झाली आणि मी ती मनापासून मानतो. पण एवढ्या दरात अर्धी टोपीच बसते. काळवंडलेलं छत आपण त्या दराबरोबर स्वीकारलं.

रस्त्यावर हे दुखणं जास्त जाचक होतं. आमच्या गल्लीतले सोडियमचे दिवे उतरवून पहिले एलईडी लागले, तेव्हा प्रत्येक खांबाखाली पांढरं डबकं साठायचं आणि दोन खांबांच्या मधे माणूस चेहऱ्याने ओळखू यायचा नाही. याचं गणित सोपं आहे. ८ मीटर उंच खांबावरून साठ अंश तिरकं पाहिलं तर जागा बुंध्यापासून सुमारे १४ मीटरवर येते. उघड्या चिपेचा तिथे पडणारा उजेड खांबाखालच्या उजेडाचा सोळावा हिस्सा असतो, कारण तिथे चिप निम्माच उजेड देते, अंतर दुप्पट होतं आणि किरण जमिनीला घासत पडतात. तिथेही सारखाच उजेड हवा असेल तर दिव्याने त्या तिरक्या दिशेला सरळ खालच्या दिशेपेक्षा आठपट तीव्रता दिली पाहिजे. म्हणून प्रत्येक चिपेवर मधे खोलगट, बाजूंना फुगीर असं भिंग बसवू लागले. त्याच्या उजेडाचा आलेख पंख पसरलेल्या वटवाघळासारखा निघतो आणि कारागीर त्याला बॅटविंगच म्हणतात. रस्त्यांच्या दिव्यांचं भारतीय मानक, आयएस १९४४, मुख्य रस्त्यावर सरासरी ३० लक्स उजेड मागतं आणि सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या किमान ०.४ पट असावा असंही सांगतं. निविदेत लोक ३० हा आकडा वाचतात. पायी चालणाऱ्या बाईला दुसरा आकडा लागतो.

छतातल्या चौकोनी पॅनेलची रचना मी पहिल्यांदा एका दुरुस्तीच्या दुकानात उघडलेली पाहिली आणि खिळून राहिलो. चिपा फक्त चौकटीच्या कडेला, आत अ‍ॅक्रिलिकची जाड शीट. कडेतून शिरलेला उजेड शीटमध्ये आदळत-परतत धावतो, बाहेर निसटत नाही. शीटच्या पाठीवर पांढरे ठिपके छापलेले असतात. किरण ठिपक्यावर पडला की विखुरतो आणि खाली उतरतो. रांगोळीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, इथले नाहीत. कडेजवळ, जिथे उजेड भरपूर, तिथे ते बारीक आणि विरळ. मधे, जिथे उजेड थकून पोचतो, तिथे मोठे आणि दाट. ही असमान नक्षी नेमकी जमली की चौकोन सर्वत्र सारखा उजळतो. स्वस्त पॅनेलमध्ये अ‍ॅक्रिलिकऐवजी पॉलिस्टायरिन असतं, ते काही वर्षांत पिवळं पडतं.

दुकानाच्या पाट्या करणाऱ्यांना हे सगळं हाताने ठाऊक असतं. अक्षराच्या पोटात एलईडीची मॉड्यूल्स चिकटवून वर दुधी अ‍ॅक्रिलिक लावलं की ते लांब उभे राहून "स्पॉट दिसतायत का" एवढंच बघतात. उघड्या चिपांचं गणितही तेच सांगतं: डबा ४ इंच खोल असेल तर दोन चिपांमधलं अंतर ४ इंचांहून थोडं कमीच हवं. खोली कमी केली की ठिपके वर येतात, मग शीट कितीही दुधी घ्या. फार दुधी घेतली तर उजेडच खाते.

मी आकाशकंदील दरवर्षी घरीच करतो. बांबूच्या कामट्या, खळ, करंज्या, शेपट्या, सगळं जुनंच. पूर्वी आत ४० वॅटचा बल्ब असायचा. कंदील सगळीकडून पेटायचा आणि कधी कधी कागदही करपायचा. टोपीवाला एलईडी आत उलटा टांगला त्या वर्षी करपण्याची भीती गेली, पण सगळा उजेड शेपट्यांकडे उतरला. वरच्या करंज्या काळ्या राहिल्या. यंदा ४ वॅटचा फिलामेंट बल्ब बरोबर मध्यावर येईल इतकी वायर सोडली. खालपासून वरपर्यंत कागद भरून आला. फक्त होल्डरच्या गळ्याशी एका करंजीवर बोटभर सावली उरली होती. गॅलरीत स्टुलावर चढून त्या गळ्याभोवती पांढऱ्या कागदाची पट्टी गुंडाळली, तेव्हा तीही बरीच फिकी झाली.