देवघरातलं जपान

निपाणीच्या आमच्या जुन्या घरात देवघराच्या ओट्याला अठरा टाइल्स होत्या. हिरव्या जमिनीवर गुलाबी फुलं, आणि फुलं हाताला लागतील अशी उठावदार. दिवाळीच्या आधी आजी त्या ओल्या फडक्याने स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. घर पाडायचं ठरलं तेव्हा मी ऑफिसमधून फोनवर एवढंच सांगितलं, "टाइल्स जपून काढा." जपून म्हणजे कसं, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. छिन्नी-हातोडीने काढल्या. सात शाबूत राहिल्या. आजीने त्या मोजल्या आणि विचारलं, "बाकीच्या कुठायत रे?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यातली एक उलटी केली तर मागे इंग्रजी अक्षरं: 'मेड इन जपान'. आमच्या देवघरात जपान कुठून आलं, या प्रश्नाने मला या छंदात ओढलं.

अशा टाइल्सना 'माजोलिका' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्या इंग्लंडमध्ये लोकप्रिय होत्या. जपानी कारागिरांनी ते तंत्र उचललं. कोबे बंदरासमोरच्या अवाजी बेटावर 1885 मध्ये सुरू झालेली 'दान्तो' ही त्यातली एक जुनी कंपनी. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, युरोपचा माल येईना, आणि आशियाची बाजारपेठ जपानला मोकळी मिळाली. मुंबई-कोबे आगबोटी 1893 पासून चालू होत्याच. आपला कापूस त्या वाटेने जपानला जायचा. पुढे तैवान, सिंगापूर आणि भारतात या टाइल्स पोचल्या. आपल्याकडच्या वाड्यांत, दिवाणखान्यांत, तुळशी वृंदावनांवर त्या बसल्या. भारतासाठी तर जपान्यांनी कृष्ण, लक्ष्मी, सरस्वतीच्या टाइल्सही काढल्या. रविवर्मा प्रेसच्या छापील चित्रांतले ओळखीचे देव जपानी मातीवर उतरले. दुसऱ्या महायुद्धाने हा व्यापार तुटला.

एक टाइल घेऊन मी उद्यमबागेत ओळखीच्या पॅटर्नमेकर काकांकडे गेलो. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून टाइल उजेडात तिरकी धरली.

"हे हातानं कोरलेलं न्हवं. डायमध्ये दाबून काढलंय," ते म्हणाले. "कडा बघ की, जरा उतरत्या हायेत. उतार नसता तर माल सुटलाच नसता डायमधनं."

ते अगदी बरोबर होतं. जवळजवळ कोरडी, भुकटीसारखी माती लोखंडी साच्यात दाबून या टाइल्स काढत. फुलांभोवतीच्या बारीक उंच रेषा शोभेच्या नाहीत, त्या बांध आहेत. एका रंगाची झिलई दुसऱ्यात वाहू नये म्हणून. भट्टीत झिलई वितळते आणि खोलगट भागात साचते, म्हणून तिथे रंग गडद आणि उंचवट्यावर फिका दिसतो. एकाच रंगात सावली येते ती अशी. मागच्या पट्ट्या चुना धरून ठेवण्यासाठी. काकांनी टाइल परत देताना दोन्ही हातांनी दिली. "डाय करणारा माणूस मोठा कारागीर असणार, खरं नाव कुठं लिहिलंय त्याचं?" असं म्हणाले.

त्यानंतर मी काही टाइल्स विकतही घेतल्या. जुन्या वस्तूंच्या दुकानात लक्ष्मीची एक मिळाली, कोपरा उडालेली, मागे चुन्याचा ताजा पांढरा थर. घरी आणल्यावर लक्षात आलं, हीसुद्धा कुणाच्या तरी देवघरातून छिन्नीनेच निघालीय. गिऱ्हाईक आहे म्हणून भिंती फुटतात, आणि गिऱ्हाईक मी होतो. तेव्हापासून सुटी टाइल विकत घेत नाही. आता फोटो जमवतो. जिथे घर उभं आहे तिथे जाऊन, विचारून, टाइल जागेवर असतानाच.

तुमच्या गावच्या घराचं काम निघालं तर पाडकामाआधी एक दिवस राखून ठेवा. आधी अख्ख्या भिंतीचा फोटो काढा आणि प्रत्येक टाइलला खडूने नंबर द्या, म्हणजे नक्षी पुन्हा जुळवता येईल. जुन्या टाइल्स बहुधा चुन्यात बसवलेल्या असतात आणि चुना टाइलपेक्षा मऊ असतो. म्हणून टाइलवर घाव घालू नका. कडेपासून सुरुवात करून मागचा चुना हॅकसॉच्या पात्याने हळूहळू कापा. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे, फरशीचं अ‍ॅसिड अजिबात नको, झिलई जाते. अशा जुन्या झिलईत शिसं असू शकतं, तेव्हा टाइलवर खाण्याचे पदार्थ ठेवू नका. मागचा शिक्का टिपून ठेवा. आणि ती कोणत्या खोलीत होती, कोण पुसायचं, हेही लिहा. ते शिक्क्यावर सापडत नाही.

आमच्या सात टाइल्स नव्या घरात देवघराखाली एका ओळीत बसवल्या. पुसायचं फडकं अजून आजीच्याच हातात असतं. मला फक्त बादली धरायची परवानगी आहे.